ब्रेक घ्यायच्या आधी रिम बघा: सिंगल स्पीड आणि फिक्स सायकलवाल्यांसाठी

आमच्याकडे एका गिअरची सायकल ही काही नवलाई नाही. दारव्हा तालुक्यातल्या कुठल्याही गावाच्या फाट्यावर सकाळी उभं राहा. शाळेला निघालेल्या पोरींच्या सायकली, दुधाचे कॅन लटकवलेल्या सायकली, फवारणीचा पंप कॅरिअरला बांधून वावराकडे चाललेल्या सायकली. जवळपास सगळ्यांना मागे एकच दात्यांची चकती. तिलाच शहरात सिंगल स्पीड म्हणतात. नवं आहे ते फिक्सचं वेड. मोबाइलवर बिनब्रेकच्या देखण्या सायकली बघायच्या आणि आज्याची काळी सायकल खोलून तशीच करायला घ्यायची. पोरांचा हा उत्साह मला मनापासून आवडतो. कोठ्यात दहा वर्षं गंजत पडलेली सायकल पुन्हा रस्त्यावर येते, यासारखं दुसरं समाधान नाही.

मी शाळेत शिकवतो. सायकल दुरुस्ती हा माझा धंदा नाही, पण वीस-बावीस वर्षांत घरची पडवी पाने, वायरी आणि जुन्या रिमांनी भरून गेली आहे, म्हणून पोरं येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कोणता ब्रेक लावू?" माझाही ठरलेला: "रिम कोणती आहे?" दुकानात जाऊन ब्रेक आपण निवडतो खरा, पण निम्मी निवड रिमेने आणि चिमट्याने, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कने, आधीच करून ठेवलेली असते. झकास ब्रेक विकत आणायचा आणि घरी आल्यावर तो रिमेपर्यंत पोचतच नाही, हा प्रकार माझ्या पडवीत दर दोन-तीन महिन्यांनी घडतो. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो.

आधी फ्री आणि फिक्स यांतला फरक

साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत पुढे जातं. उतारावर आपण निवांत बसतो ते त्याच्या जिवावर. फिक्समध्ये ही टिकटिक नाही. मागची चकती चाकाला घट्ट बांधलेली, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पायाने उलटा जोर लावला की मागचं चाक मंदावतं. पोरं याला पायाचा ब्रेक म्हणतात आणि मग विचारतात, "सर, ब्रेक काहून पाहिजे? पायानं थांबून जाते न."

थांबते. पण किती अंतरात थांबते, ते बघा.

आपण थांबायला लागलो की अंगाचं आणि सायकलीचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक जमिनीला दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला कितीही आवळलं तरी ते फक्त घसरतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने चाललेली सायकल नुसत्या मागच्या चाकावर थांबवायची तर साधारण १० मीटर लागतात. पुढचा ब्रेक नीट वापरला तर ५ मीटरच्या आसपास. आणि त्या वेगात आपण सेकंदाला ७ मीटर जातो, म्हणजे मेंदूला धोका कळून हात हलेपर्यंतच बरंच अंतर सरलेलं असतं. मागचं चाक पायाने आवळा नाही तर ब्रेकने, या हिशेबात फार फरक पडत नाही.

फिक्स सायकल आली ट्रॅकवरच्या शर्यतीतून. दिल्लीला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधला तसा बंदिस्त, उताराच्या कडांचा ट्रॅक. तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कोणालाच ब्रेक नसतो, त्यामुळे पुढचा माणूस अचानक थांबूच शकत नाही. आपल्या रस्त्यावर संध्याकाळी गुरं परततात, कापसाची ट्रॉली वळणावर उभी असते, एसटी पुढ्यात थांबते. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांतसुद्धा फिक्स चाकाला मागचा ब्रेक म्हणून धरलं आहे, पण पुढच्या चाकाला वेगळा ब्रेक लागतोच. माझंही सांगणं तेच: फिक्स असेल तर पुढचा ब्रेक हवाच, आणि फ्रीव्हील असेल तर दोन्ही हवेत. यात तडजोड नाही.

वेल्डिंगचं फ्रीव्हील

गावात फिक्स करायची सर्वांत सोपी रीत म्हणजे फ्रीव्हील वेल्डिंगवाल्याकडे नेऊन चारी बाजूंनी टाके मारून जाम करणे. २००९ च्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. चार दिवस सायकल मस्त चालली. फिक्सला ब्रेक शोभत नाही म्हणून मी ब्रेक काढून ठेवले होते. पाचव्या दिवशी नाल्याच्या उतारावर, खाली रपट्यावर कडब्याची बैलगाडी उभी दिसली म्हणून पायाने उलटा जोर दिला. एक क्षण सायकल मंदावली आणि मग पायडलं उलटी सैल फिरली, जणू चेनच नाही. मी बैलगाडी चुकवून बेशरमच्या झुडपांत गेलो, तिथून नाल्याच्या दगडांवर. खांद्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात होता.

का झालं? फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसतं. पायडल पुढे मारलं की ते घट्ट होतं, उलटा जोर दिला की सैल होतं. नेहमीच्या फ्रीव्हीलवर उलटा जोर कधी पडतच नाही, म्हणून हा दोष कळत नाही. वेल्डिंग केलं की प्रत्येक वेळी थांबताना आपण ते स्वतःच खोलत असतो. ट्रॅकच्या खऱ्या हबला यासाठी दोन आटे असतात: चकतीचे नेहमीचे, आणि त्याच्या बाहेर थोडे लहान, उलट्या दिशेचे. त्या उलट्या आट्यांवर लॉकरिंग बसते. चकती सुटायला लागली की लॉकरिंग आणखी आवळली जाते. साध्या हबला हे उलटे आटे नसतात. तिथे कोणताही गोंद, कोणतीही जादाची रिंग मी भरवशाची मानत नाही.

तेव्हा फिक्स करायचंच असेल तर उलट्या आट्यांचा हब घ्या. तेवढे पैसे नसतील तर फ्रीव्हील राहू द्या आणि दोन चांगले ब्रेक लावा. एका गिअरची, हलकी, दोन नीट ब्रेकांची सायकल ही फार सुंदर वस्तू आहे.

पहिलं काम: रिमेवरून बोट फिरवा

चाकाला हात लावा. टायर जिथे संपतो तिथून रिमेच्या बाजूवरून बोट आरे निघतात त्या दिशेला न्या. बोट सरळ सपाट पट्टीवरून गेलं, तर ही रिम बाजूने दाबणारा ब्रेक घेईल. बोट गोल घसरत आत वळलं, पट्टी लागलीच नाही, तर ही आज्याच्या काळ्या सायकलीची गोल पाठीची रिम आहे. तिच्यावर फक्त दांड्यांचा ब्रेक चालतो, म्हणजे रॉड ब्रेक. त्याची रबरं बाजूने दाबत नाहीत. ती आतल्या अंगाला, आऱ्यांच्या दोन्ही बाजूंना, खालून वर ओढली जातात. अशा रिमेला वायरचा ब्रेक लावला तर रबराची फक्त कड टेकते, आणि चार दिवसांत ते टायर तरी कापतं नाही तर आऱ्यांकडे घसरतं.

मग रिम कशाची आहे ते बघा. चुंबक चिकटलं तर लोखंडी, क्रोमची. नाही चिकटलं तर अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा फरक जीवन-मरणाचा आहे. क्रोमवर पाण्याचा थर बसला की रबर सरकत राहतं; चाकाच्या दोन-तीन चकरा होईपर्यंत पकड येत नाही. अलॉय रिम पावसातही बऱ्यापैकी धरते. ब्रेक भारीतला आणि रिम क्रोमची, यापेक्षा ब्रेक साधा आणि रिम अलॉयची, हे मी केव्हाही पत्करीन. पैसे मोजकेच असतील तर आधी पुढची रिम बदला.

रिमेचा आकार टायरवर लिहिलेला असतो. काळ्या सायकलीचा २८ इंची दीडचा टायर म्हणजे ६३५ मिलिमीटरची रिम. शहरातल्या सायकलींची ७०० सी म्हणजे ६२२. २६ इंची एक-तीन-अष्टमांश म्हणजे ५९०. आज्याच्या सायकलीत ६३५ काढून ६२२ ची अलॉय रिम घातली तर रिमेची कड चिमट्यापासून साडेसहा मिलिमीटर लांब जाते. ब्रेकचा हात तेवढा जास्त लांब लागतो. आणखी एक: बऱ्याच काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. ३२ भोकांची अलॉय रिम सहज मिळते, त्यामुळे पुढचा जुना हब ठेवून रिम बदलता येते. आरे मात्र नव्या लांबीचे लागतील. बाजारात निघण्याआधी घरीच आरे मोजा.

दुसरं काम: चिमटा मोजा

पुढच्या चिमट्याच्या डोक्याला, मधोमध, आरपार भोक आहे का? वायरच्या ब्रेकचा ६ मिलिमीटरचा बोल्ट त्यातूनच जातो. निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेल्या चिमट्यांना आणि रॉड ब्रेकच्या काही सायकलींना हे भोक नसतं. ते घरच्या ड्रिलने पाडू नका. चिमट्याचं डोकं मोडलं तर माणूस तोंडावर पडतो. भोक असलेला दुसरा चिमटा शोधणं स्वस्त पडतं.

भोक असेल तर त्याच्या मध्यापासून खाली रिमेच्या सपाट पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. मी पोरांना शाळेच्या कंपासपेटीतली पट्टीच आणायला सांगतो. हा आकडा कागदावर लिहून दुकानात न्या, कारण ब्रेक या मापाने मिळतात: आखूड हाताचे साधारण ३९ ते ४९, मध्यम हाताचे ४७ ते ५७, लांब हाताचे ५५ ते ७३. तुमचा आकडा ६० असेल तर ४९ चा ब्रेक फुकट मिळाला तरी घेऊ नका. आकडा दोन्हींत बसत असेल, ४८ म्हणा, तर टायर आणि ब्रेकमध्ये जास्त जागा सोडणारा घ्या.

ही जागा का, ते पांदणीतून जाणाऱ्याला सांगायची गरज नाही. आमची काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, चिकटलेल्या मातीला आणखी माती चिकटते, आणि शेवटी ब्रेकच्या कमानीखाली असा गोळा अडकतो की चाक फिरतच नाही. सायकल खांद्यावर घ्यायची आणि काडीने माती काढत बसायची. टायर रुंद असेल, मडगार्ड असेल, तर वर बोटभर तरी जागा हवी.

चिमट्याच्या दोन्ही पायांवर, रिमेच्या थोडं खाली, बाहेर आलेले दोन खुंट दिसले तर तुमचं नशीब चांगलं. तिथे व्ही ब्रेक बसतो. दुकानात बरेचदा त्याला पॉवर ब्रेक म्हणतात.

तिसरं काम: ब्रेकची जात ठरवा

सपाट बाजूची रिम, भोक असलेला चिमटा, डांबरी रस्ता: दोन खिळींचा कॅलिपर ब्रेक घ्या, म्हणजे त्या भोकात बसून रिमेला दोन्ही बाजूंनी दाबणारा वायरचा ब्रेक. एकाच खिळीवर दोन्ही हात फिरणारा जुना कॅलिपर एका बाजूला सरकतो आणि एक रबर घासत राहतं. दोन खिळींचा मध्यावर राहतो आणि जास्त जोराने धरतो. फिक्सवाल्याने पुढे हा एक लावला की काम झालं.

खुंट असतील आणि चिखलातून जाणं असेल तर व्ही ब्रेक. टायरवर कमान नसते, हात दोन बाजूंना उभे असतात, त्यामुळे माती अडकायला जागा कमी. पकड जोरदार. माझ्या स्वतःच्या सायकलीला पुढे हाच आहे.

हल्लीच्या जाड टायरच्या एका गिअरच्या सायकलींना दुकानातूनच डिस्क ब्रेक येतो. पावसात तो चांगला, कारण डिस्क रिमेपासून, चिखलापासून वर असते. असेल तर ठेवा. पण साध्या चिमट्याला आणि साध्या हबला मागाहून डिस्क लावायचा हट्ट करू नका. हबवर डिस्कची सहा भोकं आणि चिमट्यावर डिस्क दाबणारा कॅलिपर बसवायची जागा, दोन्ही मुळातच असावी लागतात. आणि मागच्या डिस्कची एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. एका गिअरच्या सायकलीत चेन ताणायला मागचं चाक खाचेत मागे सरकवतात. चाक सरकलं की डिस्क सरकते, कॅलिपर तिथेच राहतो. दर वेळी तोही हलवून बसवावा लागतो. पुढच्या डिस्कला ही भानगड नाही.

पाय उलटा दाबला की लागणारा कोस्टर ब्रेक आपल्याकडे क्वचित दिसतो. लहान मुलांना आणि सपाट गावात तो बरा, वायर नाही, पाणी आत जात नाही. दोन उणिवा मात्र आहेत: चेन पडली की ब्रेक गेला, आणि लांब उतारावर हब तापून आतलं ग्रीस जळतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ज्या डोंगरउतारावर १९७६ पासून शर्यती होत, त्याला ‘रीपॅक’ हे नावच यामुळे पडलं. प्रत्येक उतारानंतर हबमध्ये ग्रीस पुन्हा भरावं लागे.

हबमधला ड्रम ब्रेक रोजच्या ओझ्याच्या सायकलीला फार उत्तम, चिखल-पाणी काही लागत नाही, पण त्याचा हब वेगळा घेऊन चाक नव्याने विणावं लागतं.

आणि रॉड ब्रेक? गोल पाठीची रिम ठेवायची असेल, सायकल फ्रीव्हीलची असेल, वेग कमी असेल, तर तो काढू नका. चाकाला थोडा आऊट, म्हणजे डोल, असला तरी त्याला फारसं बिघडत नाही, वायर तुटायची भीती नाही. सांधे साफ करून थेंबभर तेल द्या, रबरं नवी टाका, रबर आणि रिमेत ३ मिलिमीटरच्या आत जागा ठेवा. पावसात मात्र बऱ्याच आधीपासून दाबायला लागा.

चौथं काम: लिव्हर आणि वायर

सर्वांत जास्त फसगत इथे होते. व्ही ब्रेकला जास्त वायर ओढणारी लिव्हर लागते, कॅलिपरला कमी ओढणारी. दिसायला दोन्ही सारख्याच. व्ही ब्रेकच्या लिव्हरने कॅलिपर ओढला तर लिव्हर दगडासारखी कडक लागते, हाताला वाटतं ब्रेक भारी आहे, आणि सायकल थांबत नाही. उलट केलं तर लिव्हर मुठीला टेकते आणि रबर रिमेला जेमतेम लागतं. ब्रेक आणि लिव्हर एकाच दुकानातून, जोडीनेच घ्या आणि काउंटरवरच विचारा.

वायरचं टोकही दोन तऱ्हेचं असतं: एक पेरूसारखं, एक आडव्या ढोलासारखं. लिव्हरच्या खाचेत कोणतं बसतं ते बघून घ्या. कापून, ठोकून बसवलेलं टोक नेमकं जोरात ओढताना सुटतं. बाहेरचं आवरण ब्रेकचंच हवं, ज्याच्या आत लोखंडी पट्टीची गुंडाळी असते. गिअरच्या आवरणात तारा सरळ असतात. ब्रेकचा ताण पडला की ते फुटू शकतं.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला? मोटरसायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. घरात मोटरसायकल आहे आणि दोन्ही चालवता, तर सायकललाही उजवाच ठेवा. घाबरल्यावर हात विचार करत नाही.

पाचवं काम: बसवणं

आधी चाकाचा आऊट काढा. डोलणाऱ्या रिमेवर कोणताही ब्रेक नीट बसत नाही.

रबर पूर्णपणे रिमेच्या सपाट पट्टीवर हवं. वर टायरला लागलं तर टायरची बाजू कापली जाते, खाली उतरलं तर आऱ्यांत अडकतं. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने रबराचं पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे, मागे अर्धा-एक मिलिमीटर फट. मी रबराच्या मागच्या टोकाखाली जुन्या पोस्टकार्डाची घडी धरतो, लिव्हर दाबतो, नट आवळतो आणि घडी काढून घेतो. ब्रेक किंचाळायचा थांबतो. रबर पट्टीत सरकवून बसणारं असेल तर पट्टीचं बंद तोंड पुढच्या बाजूला ठेवा, नाही तर जोरात दाबल्यावर रबर सटकून रस्त्यावर पडतं.

वायर आवळा. लिव्हर पूर्ण दाबली तरी ती आणि मूठ यांत दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. मग सायकलीशेजारी उभे राहा, पुढची लिव्हर दाबा आणि सायकल पुढे ढकला. पुढचं चाक जागचं हलू नये आणि मागचं चाक वर उचललं जावं. त्यानंतर सगळी ताकद लावून लिव्हर दहा वेळा दाबा. वायर सटकायची असेल तर इथे अंगणात सटकू दे.

फिक्स असेल तर चेनही याच वेळी बघा. मधोमध वर-खाली १ सेंटिमीटर हलावी, जास्त नाही. फिक्समध्ये चेन पडली तर पायाचा ब्रेक तर जातोच, वरून ती चकतीत गुंडाळून मागचं चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं.

हात बसवायला मैदान

पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर किंवा रिकाम्या खळ्यावर जा. सावकाश वेगात पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायला शिका. "पुढचा दाबला तर तोंडावर पडशील" हे लहानपणापासून कानावर असतं, म्हणून मोठी माणसंही पुढची लिव्हर वापरतच नाहीत. पडतो तो एकदम खेचणारा, हात ताठ न ठेवता अंग पुढे जाऊ देणारा. कोपर घट्ट, बूड मागे, दाब हळूहळू: एवढं केलं की सायकल जमिनीला चिकटून थांबते.

मुरमाच्या रस्त्यावर, वाळूवर आणि वळणात मात्र हात आखडता घ्या. तिथे पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. वळणाच्या आधीच, सरळ असताना, वेग कमी करा. सुट्या मुरमावर फिक्सचा खरा गुण कळतो. मागचं चाक सुटायला लागलं की तळपायाला आधी जाणवतं. त्यासाठी पायात बूट आणि पायडलला पट्टा हवा. चपलेवर उलटा जोर देता येत नाही, चप्पलच निघून जाते.

मागे सरकीच्या ढेपेचा कट्टा बांधला असेल तर मागचं चाक दाबलेलं असतं, मागचा ब्रेक नेहमीपेक्षा चांगला धरतो, पण थांबवायचं वजनही तेवढंच वाढलेलं असतं. अंतर मोकळं ठेवा आणि दोन्ही वापरा. रोज ओझं नेणाऱ्याने फिक्सच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि घाट. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलने जाऊन यायची हौस पोरांना असते. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. चढताना पायाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. पुढे ४४ आणि मागे १८ दाते, २८ इंची चाक, म्हणजे पायडलच्या एका चकरीत जवळपास साडेपाच मीटर. ताशी ३० ने उतरायचं तर मिनिटाला ९० चकरा, ४० ने उतरायचं तर १२० च्या वर. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पायांनी उलटा जोर लावता येत नाही, ते फक्त पायडलबरोबर ओढले जातात. घाटात फिक्सवाल्यालाही मागे हाताचा ब्रेक असावा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात दाबून वेग पाडा, सोडा, रिमेला वारा लागू द्या, पुन्हा दाबा. मध्येच थांबून रिमेजवळ हात न्या. चटका बसत असेल तर दहा मिनिटं झाडाखाली बसा, तापलेल्या रिमेने ट्यूब फुटते.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर

आमच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या सायकलीची रबरं कडक, चकचकीत होतात. नख रुतवून बघा. रुतत नसेल तर वरचा थर पॉलिश पेपरने घासून काढा. तरी दगडासारखं लागलं तर नवी टाका. अलॉय रिमेवरच्या रबरात धातूचे बारीक कण घुसतात, ते सुईने उकरून काढा, नाही तर रिमेवर चरे पडतात. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी रिम आणि रबरं साध्या पाण्याने धुवा. काळी माती एकदा वाळली की सुटता सुटत नाही.

मागच्या वर्षी आठवीतली एक मुलगी ब्रेक लागत नाही म्हणून सायकल घेऊन आली. रिम चकाकत होती. बोट लावलं तर तेल. ब्रेक किरकिर करतो म्हणून घरच्यांनी प्रेमाने रबरावर गोडेतेल सोडलं होतं. साबणाच्या कोमट पाण्याने रिम तीनदा धुतली, रबरं फेकून नवी लावली, तेव्हा कुठे पकड आली. तेल चेनला, लिव्हरच्या खिळीला, वायरच्या आवरणात थेंबभर. रिम आणि रबर यांच्या जवळपास नाही, आणि रिम पुसायला रॉकेलही नाही, त्याचा ओशटपणा मागे राहतो.

नवी वायर पहिल्या आठवड्यात थोडी सैलावते आणि आवरण आपल्या जागी बसतं. लिव्हर मुठीच्या जवळ यायला लागेल, तेव्हा घाबरू नका; ब्रेकवरचा बारीक समायोजनाचा नट बोटांनी फिरवा, तेवढ्याने नाही भागलं तर वायर पुन्हा ओढून आवळा. ब्रेकच्या मधल्या बोल्टचा नटही त्याच वेळी तपासा. त्याला १० नंबरचा पाना लागतो. पहिला महिनाभर तो सीटखालच्या पिशवीत राहू द्या.